दुधाचा टँकर बेतताना

माझं शिवणमशीन मी मोठ्या जावेला देऊन टाकलं, तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. एवढ्या वयापर्यंत माणसाला थोडी अक्कल आलेली असते, असं मी इतरांच्या बाबतीत ऐकलंय.

त्याआधीची पंधरा वर्षं मी शिवाजी पेठेत, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत शिवणक्लास घेत होते. नव्वदचं सगळं दशक त्यातच गेलं. मी फळ्यावर ब्लाऊजची आकृती काढायची, पोरींनी ती वहीत उतरवायची, आणि लग्न ठरलं की वही माझ्याकडंच विसरून जायचं, असा तो क्रम होता. पोरी बदलायच्या, छातीचा चौथा भाग अधिक दीड इंच तेवढा कायम.

मग माझ्याच पोरीचं लग्न ठरलं. दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. ती राजारामपुरीत एका कॉम्प्युटर क्लासला जात होती, सहा महिन्यांच्या कोर्सचा दीड महिना झाला होता. नाव कमी करायला म्हणून मी गेले. तिथले सर माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान. ते म्हणाले, "नाव कमी होत न्हाय काकू. घरातलं दुसरं कोण तर बसवा की."

घरात दुसरं कोण होतं? नवरा कामावरनं आला की पेपर वाचायचा आणि वाचून झाला की तोच पेपर परत वाचायचा. म्हणून मी बसले.

पहिले आठ दिवस मी माउस इस्त्रीसारखा धरत होते. शेजारची पोरगी म्हणायची, "काकू, दाबू नका, नुसता सरकवा." मी दाबायचीच. पण एक दिवस सरांनी अनरॅप शिकवायला घेतलं आणि माझी गाडी अचानक पळायला लागली.

ते काम असं. कॉम्प्युटरमध्ये एखादी वस्तू उभी केली, म्हणजे डबा म्हणा, खुर्ची म्हणा, की ती नुसती राखाडी असते. तिच्यावर रंग, गंज, अक्षरं असलं काही चढवायचं तर आधी ती कुठं कुठं कापायची ते ठरवायचं. मग ते सगळे तुकडे एका चौकोनात सपाट पसरायचे. त्या सपाट तुकड्यांवर चित्र काढलं की ते आपोआप उभ्या वस्तूच्या अंगावर जाऊन बसतं. सर फळ्यावर संत्र्याची साल काढून दाखवत होते, पोरं डोकं खाजवत होती. मला पाच मिनिटांत कळलं. उसवलेला ब्लाऊज जमिनीवर पसरल्यावर कसा दिसतो हे मी पंधरा वर्षं बघत होते. लाकडी पिंपाला कुठं शिवण द्यायची? बाहीला देतो तिथंच, आतल्या अंगाला, कुणाला दिसणार नाही अशी.

"काकूंचं डोकं बघा," सर म्हणाले. "तुमी नुसतं बघत बसतासा."

इथं मी सरळ सांगून टाकायचं होतं, की डोकं-बिकं काही नाही, मी ब्लाऊज शिवते. पण ती चव्वेचाळीस वर्षांची बाई नुसती हसली आणि तिनं केसावरनं हात फिरवला. शिवणाचं नाव काढलं नाही. पर्समध्ये टेप होती, ती घरी जाऊन कपाटात ठेवली.

कोर्स संपला तेव्हा सरांनी कळंबा रस्त्याला एका टायरच्या दुकानावर स्वतःचा छोटा स्टुडिओ टाकला. पुण्याची एक कंपनी त्यांना काम देणार होती. सरांनी मला बोलावलं, आणि रंगवायला म्हणून एका पोरीला. ती चित्रकलेची परीक्षा दिलेली होती आणि बोलायची कमी.

"महिनाभर बघू," सर म्हणाले. "जमलं तर कायम. न्हाय जमलं तर राग मानायचा न्हाय."

मी महिना संपायची वाट बघितली नाही. त्याच आठवड्यात क्लासची पाटी काढली आणि मशीन टेम्पोत घालून शिरोळला मोठ्या जावेकडं नेलं. त्यांना मी अक्का म्हणते. अक्कांची शेती आहे, ऊस आहे, तीन म्हशी आहेत आणि प्रत्येक गोष्टीवर एक मत आहे. मशीनबरोबर मी कात्र्यांचा डबाही दिला. कापडाची मोठी कात्री, कागदाची जुनी कात्री, खडू, सगळं. आणि वर छोटंसं भाषण दिलं. आता जग कुठं गेलंय, सुईदोऱ्यात आता काही राहिलं नाही, मला आता कॉम्प्युटरचं काम लागलंय, असं ते भाषण होतं.

अक्का म्हशीला वैरण टाकत ऐकत होत्या. म्हणाल्या, "लागलंय, का लागणार हाय?"

"लागल्यासारखंच हाय. महिनाभर बघणार हायत, मग कायम."

"मग मशीन दिल्यासारखंच ठेव की. कशाला देतीस?"

"अक्का, मी हे मशीन परत मागितलं तर मला नाव ठेवा."

"नाव तर आताच ठेवतो मी," अक्का म्हणाल्या आणि वैरणीकडं वळल्या.

आमच्या भागात बायकाही स्वतःला 'ठेवतो, येतो'च म्हणतात. पण ते वाक्य अक्कांच्या तोंडून जरा जास्तच पुरुषी आलं, असं मला टेम्पोत बसल्यावर वाटलं. असो. म्हणजे परिस्थिती अशी होती, की महिन्याच्या शेवटी एक तर मी स्टुडिओत कायम होणार, नाही तर शिरोळच्या एस.टी.त बसून अक्कांच्या दारात उभी राहणार होते. तिसरी वाट मीच बुजवून आले होते.

कामाला लागल्यावर आम्हाला मिळाला दुधाचा टँकर. दुधाच्या यंत्रांचं कसलंसं प्रदर्शन होतं, तिथं पडद्यावर फिरता टँकर दाखवायचा होता. सरांनी टँकर उभा केला, मी तो कापून पसरायचा आणि त्या पोरीनं पसरलेल्यावर रंगवायचं. टाकीवर दोन्ही बाजूंना ठसठशीत अक्षरांत 'ताजे दूध' असं यायचं होतं.

टँकर म्हणजे काय, एक आडवी बाही. दोन्ही टोकांना फुगीर झाकणं. तपासायला म्हणून सगळ्या अंगावर काळ्या-पांढऱ्या चौकड्या टाकून बघतात. चौकडी सगळीकडं चौरस दिसली तर बेत बरोबर, कुठं ताणली तर चूक. झाकणांवर चौकड्या पार भाकरीसारख्या पसरल्या होत्या. सर म्हणाले, "हे गोल असलं की असंच व्हतंय, ऱ्हाऊ दे." मी झाकणाला चार बाजूंनी चार चिरा दिल्या, म्हणजे टक्सच घातले, आणि चौकड्या जागेवर आल्या. सरांनी खुर्ची ओढून घेतली आणि परत परत बघितलं. माझी मान तेव्हा इतकी ताठ झाली होती, की टायरवाल्याच्या जिन्यात वरच्या तुळईला कपाळ आपटलं. टेंगूळ दोन दिवस होतं. तेही मी दिमाखानं मिरवलं.

आता माझ्या हुशारीचा कळस. त्या पसरायच्या चौकोनात जागा ठरावीक असते. तुकडे मोठे मांडले तर चित्र स्वच्छ येतं, लहान मांडले तर धुरकट. जागा कमी पडायला लागली. आणि मी पंधरा वर्षं कापड वाचवलेली बाई. ब्लाऊजचं कापड आम्ही सुटं बेततच नाही. घडी घालायची, वर खडू मारायचा आणि दोन्ही पदर एकदम कापायचे. एका कापण्यात डावा भाग निघतो, उजवाही निघतो. टँकर डावीकडून आणि उजवीकडून सारखाच होता. मी मधोमध चिरला, उजवा अर्धा उचलला, उलटवला आणि डाव्या अर्ध्यावर बरोबर बसवला. रेघेवर रेघ. अर्धी जागा मोकळी. सगळे तुकडे ऐसपैस झाले.

त्या पोरीनं 'ताजे दूध' एकदाच रंगवलं, ते दोन्ही बाजूंना उमटलं. ती पहिल्यांदाच आपणहून काहीतरी बोलली. म्हणाली, "काकू, निम्मं काम वाचलं." आम्ही दोघींनी चहा मागवला. टँकर आम्ही डाव्या बाजूनं बघितला, पुढून बघितला, वरून बघितला. उजव्या बाजूला अक्षरं उमटली आहेत एवढं लांबून बघितलं. वाचली नाहीत. आपणच लिहिलेलं कोण वाचत बसतंय?

महिन्याचा शेवटचा आठवडा होता. शनिवारी पुण्याचे दोघे जण आले. सरांनी सकाळीच केळी आणून ठेवली होती. टँकर पडद्यावर गोल फिरायला लागला. डावी बाजू आली, दोघांनी माना डोलावल्या. मागचं झाकण आलं, त्यातले वयस्कर गृहस्थ म्हणाले, "वा, हे गोल फार सफाईनं बसलंय." मग उजवी बाजू आली आणि ते खुर्चीत पुढं झाले. म्हणाले, "हे काय लिहिलंय?"

'ताजे दूध'च लिहिलं होतं. पण शेवटापासून सुरुवातीकडं. प्रत्येक अक्षर तोंड फिरवून उभं होतं, काने-मात्रा भलत्याच बाजूला. आरशात बघावं तसं.

सर माझ्याकडं बघत होते. ती पोरगी टेबलाखाली काहीतरी पडल्यासारखी वाकली होती आणि बराच वेळ वर येईना. अशा वेळी गप्प बसावं, हे मला आज कळतं. त्या बाईला कळत नव्हतं.

"ते मुद्दाम हाय," मी म्हटलं. "ॲम्ब्युलन्सवर कसं उलटं लिहितात? पुढच्या गाडीवाल्याला आरशात सुलट दिसावं म्हणून. तसंच."

वयस्कर गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. "अहो, पण ते ॲम्ब्युलन्सच्या तोंडावर असतं. हे कुशीला आहे. आणि दुधाची एवढी काय घाई?"

"नासतंय की," मी म्हटलं.

दुसरा तरुण होता, तो हसायला लागला. पहिले हसले नाहीत. सरांना म्हणाले, "सोमवारी दुपारी पुण्याला परत जाताना पुन्हा येतो. तेव्हा हे नीट दिसू द्या." केळी तशीच राहिली.

ते गेल्यावर सरांनी खुर्ची माझ्यासमोर आणली. "काकू, काय केलासा हे? खरं सांगा. सगळे तुकडे असे रेघेवर रेघ एकावर एक का ठेवलासा?"

"जागा वाचवायला."

"ते कळलं. पण असं कोण करतंय?"

"ब्लाऊज शिवणारी करते," मी म्हटलं. इतके महिने न बोललेलं एकदाचं बाहेर पडलं. "मी शिवणक्लास घेत होते. पर्समधली टेपसुद्धा कपाटात लपवून ठेवलीय. घडी घालून कापायची सवय आहे."

सरांना हसू येतंय की राग येतोय हे त्यांनाही कळत नसावं. शेवटी म्हणाले, "मग आधीच सांगायचं न्हाय व्हय? सोमवारी सकाळी अकरापर्यंत. सुलट झालं तर बघू. न्हाय तर मला दुसरं माणूस बघायला लागंल."

चूक झाली हे दिसत होतं, का झाली हे मात्र मला कळत नव्हतं. घडी घालून मी हजारभर ब्लाऊज कापले असतील. फुलांचं कापड, वेलबुट्टीचं कापड, काठापदराचं कापड. एकाही बाईच्या उजव्या खांद्यावर फूल उलटं उमटलं नव्हतं. मग टँकरलाच काय झालं? नवीन नमुना अडला की मी आधी रद्दीवर बेतून बघायची. तेच करावं असं वाटलं, आणि मग आठवलं, की कागदाची कात्री डब्यात आहे आणि डबा शिरोळला आहे. घरात दुधाच्या पिशव्या कापायची एक कात्री होती. ती कागद कापायची नाही, चावायची. खरं सांगायचं तर शेजारी मागितली असती तरी मिळाली असती. पण पेठेत मी पाटी काढताना शेजाऱ्यांनाही भाषण दिलं होतं.

रविवारी सकाळच्या एस.टी.नं मी शिरोळला गेले.

अक्का दारातच होत्या. माझ्याकडं बघून त्यांनी आधी महिन्याचा हिशेब केला. "अजून चार दिस हायत की गं. लवकर आलीस. मशीन तिकडं खोलीत हाय."

"मशीन मागायला न्हाय आले. कात्री पायजे. कागदाची."

"कात्रीसाठनं शिरोळ?"

"पेपर हाय का घरात?"

अक्कांनी पेपर दिला, कात्री दिली आणि समोर फतकल मारून बसल्या. मी त्यांच्या सोप्यात टँकर बेतायला घेतला. पेपरची घडी घातली, वर पेन्सिलनं अर्धा टँकर काढला आणि दोन्ही पदर एकदम कापले. भात चिकटवायला घेतला होता, त्यानं दोन्ही भाग जोडले. नळकांडं झालं. डाव्या बाजूला बातमी होती, उजव्या बाजूला बियाण्याची जाहिरात. दोन्ही सुलट, दोन्ही वाचता येत होतं. मी ते फिरवून फिरवून बघत राहिले.

"हे काय हाय?" अक्कांनी विचारलं.

"दुधाचा टँकर."

"बरं. मग नीट तर झालाय. अडलंय कुठं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. कॉम्प्युटरमध्ये उजवा भाग उचलून डाव्यावर कसा ठेवला, चित्र एकदाच कसं काढलं आणि ते उलटं कसं उमटलं. अक्कांनी कॉम्प्युटर एकदाच बघितला होता, बँकेत, तोही पाठीमागून. त्या ऐकत ऐकत माझ्या हातातलं नळकांडं घेऊन चाचपत होत्या.

"कापडाची घडी घातली की खाली दुसरा पदर असतोय," त्या म्हणाल्या. "तुझ्या त्यात खाली काय होतं?"

खाली काहीच नव्हतं. ब्लाऊजला घडीत दोन कापडं असतात, दोघांना आपापली फुलं असतात. टँकरला कापड एकच होतं. तेच मी डाव्या कुशीला सुलट नेसवलं होतं आणि उजव्या कुशीला पालथं. पंधरा वर्षं पोरींना शिकवलं, हाताच्या बोटांवर पट्ट्या मारल्या, की कापडाची सुलट बाजू बघितल्याशिवाय कात्री लावायची नाही.

"एकच पदर होता, अक्का," मी म्हटलं.

"मग सुटं काप की. त्यात काय एवढं?" अक्का उठल्या. "आन् कात्रीच्या बदल्यात पुढच्या रविवारी येऊन माझा एक ब्लाऊज बेतून दे. कापड आणून ठेवलंय. मला नुसती सरळ शिवण येते, बाही येत न्हाय."

सोमवारी सकाळी मी नवाला स्टुडिओत होते. टाकीच्या दोन्ही कुशी सुट्या पसरल्या. जागा परत कमी पडली. तेव्हा ज्यांच्यावर काही लिहायचं नव्हतं ती चाकं, दिवे, पायऱ्या यांची घडी तशीच ठेवली. एका चाकाचं कापड सगळ्या चाकांना पुरतं, चाकाला डावं-उजवं कळत नाही. टँकरच्या पोटाला खालून कोण बघतंय? त्याला कोपऱ्यातला चिंधीएवढा तुकडा दिला, अस्तराला देतात तसा. त्या पोरीनं न बोलता दुसऱ्या बाजूचं 'ताजे दूध' रंगवलं. मग आम्ही दोघींनी टँकरला पाच वेळा प्रदक्षिणा घातली आणि दर वेळी मोठ्यानं वाचलं.

दुपारी पुण्याचे दोघे आले. टँकर फिरला, उजवी बाजू आली. वयस्कर गृहस्थांनी ती वाचली, मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "आता ॲम्ब्युलन्सचं काय?"

"ती निघून गेली," मी म्हटलं.

या वेळी ते हसले. एक केळं सोललं. जाताना सरांना म्हणाले, "पुढचं काम धाडतो." ते जिना उतरल्यावर सर म्हणाले, "काकू, उद्यापासून कायम. आन् घरनं तुमची टेप घेऊन या. लपवायची न्हाय." मी बरं म्हटलं. जिन्यात आठवणीनं मान खाली घातली.

नात कधी कधी म्हणते, "आज्जी, गोष्ट इथं संपव. इथं तू जिंकतेस." पण रविवार यायचा होता.

रविवारी मी शिरोळला गेले. कायम झाल्याचं सांगितलं. अक्का म्हणाल्या, "बरं झालं, मशीन वाचलं," आणि कापड समोर टाकलं. जांभळ्यावर पांढरी फुलं, सगळी फुलं एकाच दिशेला बघणारी. माझ्या डोक्यात आठवडाभर एकच गोष्ट घोळत होती, घडी घालायची नाही, सुटं कापायचं. मी कागदाचा नमुना ठेवून बाही सुटी कापली. मग तोच कागद तसाच, न उलटवता, परत ठेवून दुसरी बाही कापली. फुलं दोन्हीकडं सुलट आली, याचं मला इतकं समाधान झालं की मी गुणगुणत शिवायला बसले.

बाहीला पुढचा मुंढा, म्हणजे खांद्याला जोडायचा बाक, वेगळा असतो, मागचा वेगळा. शिवणक्लासच्या पहिल्या महिन्यातल्या पोरीला हे माहीत असतं. अक्कांनी ब्लाऊज घालून बघितला. डावा हात वर केला, गेला. उजवा हात केला, तो खांद्याशीच अडकला.

"धाकटे," अक्का म्हणाल्या, "ह्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या हायत."

कापड उरलं नव्हतं. मी उसवून परत बेतते म्हटलं, नवीन कापड आणते म्हटलं, पण अक्कांनी ऐकलं नाही. त्यांनी तो ब्लाऊज तसाच ठेवला आणि पुढं आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नाला तोच घालून आल्या. अक्षता टाकताना त्यांचा उजवा हात कोपरापासूनच हलायचा, अक्षता पुढच्या बाईच्या अंबाड्यात पडायच्या, आणि अक्का नवरा-नवरीकडं न बघता मांडवात मला शोधायच्या.